शोभेच्या झाडांचं टिश्यू कल्चर: सिंगोनियमच्या एका पेरापासून कुंडीतल्या रोपापर्यंत

टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाच्या लहान तुकड्यापासून निर्जंतुक बाटलीत रोपं वाढवणं, शिकायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न हार्मोनचा विचारतो. बीएपी (फुटवे आणणारं हार्मोन) किती, एनएए (मुळांना चालना देणारं) किती, अमुक झाडाचा फॉर्म्युला काय. फॉर्म्युला पाच मिनिटांत सांगता येतो. बाटल्या मात्र वाया जातात त्या दोन ठिकाणी: मातृझाडाकडून (ज्याचा तुकडा घेतो ते झाड) माध्यमावर (बाटलीतलं घट्ट, पोषक द्रावण) येताना, आणि बाटलीतून मातीत जाताना. म्हणून या लेखात त्या दोन टप्प्यांवर जास्त वेळ घालवला आहे.

सुरुवातीला सिंगोनियम घ्या. वेल भरभर वाढतो, प्रत्येक पेरावर डोळा असतो, फुटवे सहज येतात आणि मुळांसाठी फारसं काही करावं लागत नाही. स्पॅथिफायलम आणि नेफ्रोलेपिस नेचा हेही नवशिक्यांना जमतात. जरबेराचा गड्डा मातीला टेकलेला असल्यामुळे निर्जंतुक करायला अवघड जातो. अँथुरियम बहुधा पानाच्या तुकड्यातून, आधी गाठ (कॅलस, म्हणजे आकार नसलेल्या पेशींचा गोळा) आणि मग फुटवा अशा लांबच्या वाटेने येतं आणि त्याला महिनोन्‌महिने लागतात. फॅलेनॉप्सिस ऑर्किडची फुलदांडीवरच्या डोळ्यांपासून रोपं होतात, पण ती हात बसल्यावर करा. पेटंट किंवा पैदासकार हक्काने संरक्षित असलेली जात विक्रीसाठी वाढवायची असेल तर परवानगी लागते, हे आधीच तपासून घ्या.

मातृझाडाची तयारी

हा टप्पा लोक गाळतात. कुंडीतला वेल कापून थेट ब्लीचमध्ये टाकतात आणि आठवड्यात बाटली बुरशीने भरली की ब्लीचला दोष देतात. पावसात भिजलेल्या किंवा रोज वरून पाणी मिळणाऱ्या झाडाच्या सालीवर, पानांच्या बगलेत आणि आतल्या नलिकांतही इतके जिवाणू असतात की कोणतंच द्रावण त्यांना पुरं पडत नाही. द्रावण तीव्र केलं की डोळाच मरतो.

म्हणून निरोगी झाड निवडून तीन-चार आठवडे छपराखाली, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवा. पाणी फक्त मातीत घाला, पानांवर थेंबही नको. आठवड्यातून एकदा कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात फवारणी करा आणि ती पानांवर लवकर सुकेल अशा वेळी करा. या काळात जी नवी वाढ येईल तीच वापरायची. शेंड्यापासून दुसरं ते चौथं पेर सर्वांत चांगलं. मातीला टेकलेलं किंवा हवाई मुळं फुटलेलं पेर घेऊ नका, कारण मुळाच्या बेचक्यात घाण अडकून बसते.

पानांवर पिवळसर चट्टे, कडेने ओलसर काळपट डाग किंवा मोझेक (गडद-फिकट ठिपक्यांची नक्षी) दिसत असेल तर ते झाड मातृझाड म्हणून बाद. पेरापासून केलेली रोपं विषाणू सोबत घेऊनच येतात. विषाणूमुक्त रोपांसाठी अगदी टोकाचा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान विभाजीपेशींचा (सतत विभागणाऱ्या पेशींचा) भाग सूक्ष्मदर्शकाखाली काढावा लागतो. मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ साली डेलियात हे करून दाखवलं. पण ते वेगळं आणि नाजूक काम आहे.

एक लिटर माध्यम

मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली तंबाखूच्या पेशींसाठी बांधलेलं एमएस माध्यम बहुतेक शोभेच्या झाडांना चालतं. क्षार वेगवेगळे तोलत बसण्यापेक्षा जीवनसत्त्वांसह तयार पावडर घ्या. तिचं प्रमाण साधारणपणे लिटरला ४.४ ग्रॅम असतं, पण पाकीट वाचा, कारण काही पावडरींत साखर आणि अगर (माध्यम घट्ट करणारी पावडर) आधीच मिसळलेले असतात.

८०० मिली डिस्टिल्ड पाण्यात पावडर ढवळून विरघळवा. मग ३० ग्रॅम साखर. मग हार्मोन: फुटव्यांसाठी बीएपी २ मिग्रॅ आणि एनएए ०.१ मिग्रॅ. इतकं कमी वजन थेट तोलता येत नाही, म्हणून आधी साठा-द्रावण करायचं. १०० मिग्रॅ बीएपी एक नॉर्मल तीव्रतेच्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या दोन-तीन मिलीत पूर्ण विरघळवा आणि डिस्टिल्ड पाण्याने १०० मिली करा. आता १ मिलीत १ मिग्रॅ आहे, म्हणजे लिटरला २ मिली पुरेत. एनएएचं द्रावणही असंच करा, मग त्यातले १० मिली घेऊन पुन्हा १०० मिली करा. या सौम्य द्रावणाचा १ मिली म्हणजे ०.१ मिग्रॅ. बीएपी साध्या पाण्यात नीट विरघळत नाही. पांढरे कण तळाशी दिसत असतील तर तुमच्या माध्यमात हार्मोन नेमकं किती गेलं याचा काही भरवसा नाही. दोन्ही बाटल्यांवर तारीख घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा.

पाणी घालून एक लिटर करा आणि सामू (पीएच) ५.८ वर आणा. वाढवायचा असेल तर सोडियम हायड्रॉक्साइड, उतरवायचा असेल तर हायड्रोक्लोरिक आम्ल, दोन्ही थेंबाथेंबाने. इथे आळस नको. सामू पाचच्या आसपास उतरला तर अगर घट्ट होत नाही आणि तुकडे चिखलात बुडतात. सहाच्या बराच वर गेला तर लोहासारखी द्रव्यं झाडाला नीट मिळत नाहीत. निर्जंतुक करताना सामू आणखी थोडा खाली येतो, तेही लक्षात असू द्या. अगर सामू जुळवल्यानंतरच घालायचा: लिटरला ८ ग्रॅम. ढवळत गरम करा, द्रावण पारदर्शक झालं की ओता. परीक्षानळीत १५ मिली, जॅमच्या आकाराच्या जारमध्ये ४० ते ५० मिली.

आता ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र: १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, २० मिनिटं. तेवढा दाब देणारा मोठा प्रेशर कुकरही चालतो. वजन ठेवण्यापूर्वी पाच मिनिटं वाफ मोकळी जाऊ द्या, कारण आत हवा अडकली की दाब दिसतो पण तापमान चढत नाही. वेळ पूर्ण दाब आल्यापासून मोजायची. जारची झाकणं अर्धा आटा सैल ठेवा. कुकर आपोआप थंड होऊ द्या. घाईने वाफ सोडली की माध्यम उकळून झाकणाला लागतं आणि तिथूनच पुढे बुरशी आत शिरते. सोबत लागणारं निर्जंतुक पाणी, फॉइलमध्ये गुंडाळलेले चिमटे, ब्लेडचे दांडे आणि कागदही त्याच वेळी करून घ्या.

तयार जार झाकण घट्ट करून पाच दिवस नुसते ठेवून द्या. त्यात काही उगवलं तर चूक कुकरची आहे, हे तुकडा वाया न घालवता कळतं.

तुकडा निर्जंतुक करणं

सिंगोनियमच्या चिकामुळे कातडीला खाज सुटते, तेव्हा हातमोजे घाला. पानं काढून एकेक पेर असलेले तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे करा. देठाचा तळ खोडाला म्यानासारखा वेढून असतो आणि डोळा त्या म्यानाच्या आत दडलेला असतो. हे म्यान नखाने हलकेच सोलून काढलं नाही तर ब्लीच डोळ्यापर्यंत पोचतच नाही. सोलल्यावर आत फिकट हिरवा, टोकदार, दोन-तीन मिलिमीटरचा डोळा दिसतो. त्याला ब्लेड लागू देऊ नका.

मग हा क्रम ठेवा:

१. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून मऊ ब्रशने धुवा आणि अर्धा तास वाहत्या नळाखाली ठेवा.

२. ७० टक्के अल्कोहोलमध्ये ३० सेकंद. जास्त नाही, कोवळा डोळा जळतो. ९५ टक्के अल्कोहोल जास्त प्रभावी वाटतं, पण जंतू मारायला पाण्याचा अंश लागतो.

३. सुवासिक किंवा दाटसर नसलेलं, ४-५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं ब्लीच एक भाग आणि पाणी चार भाग. त्यात ट्वीन-२० या साबणासारख्या पदार्थाचे दोन थेंब. १२ मिनिटं, सतत हलवत. बुडबुडे तुकड्याला चिकटून राहिले तर तिथे द्रावण लागत नाही.

४. इथून पुढे सगळं निर्जंतुक जागेत. निर्जंतुक पाण्याने तीन वेळा, दर वेळी चार-पाच मिनिटं धुवा.

ब्लीच जुनं झालं की कमजोर होतं, म्हणून ताजी बाटली वापरा आणि द्रावण त्याच दिवशी करा. ते कोणत्याही आम्लात किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू निघतो.

निर्जंतुक जागा आणि हात

लॅमिनार एअर फ्लो (गाळलेली हवा सतत सोडणारं टेबल) असेल तर काम सुरू करण्यापूर्वी वीस-तीस मिनिटं चालू ठेवा. अतिनील दिवा लावला असेल तर बसण्यापूर्वी बंद करा, तो डोळ्यांना आणि कातडीला इजा करतो. लॅमिनार एअर फ्लो नसेल तर हात घालायला दोन भोकं असलेला पारदर्शक बंद डबा पुरतो. आतून ७० टक्के अल्कोहोलने पुसा, सामान ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं हवा स्थिर होऊ द्या. पंखा, एसी बंद. अशा बंद डब्यात ज्योत कधीही पेटवू नका. अल्कोहोलची वाफ साठलेली असते आणि भडका उडतो. त्याऐवजी हत्यारांचे तीन-चार जोड कुकरमध्ये निर्जंतुक करून ठेवा आणि दर काही तुकड्यांनी नवा जोड काढा.

ब्लीच लागून पांढरी पडलेली दोन्ही टोकं कापून टाका. उरलेला सव्वा-दीड सेंटिमीटरचा तुकडा, डोळा वर ठेवून, माध्यमात उभा रोवा. खालचं टोक वर झालं तर फुटवा वाकडा आणि उशिरा येतो. उघड्या नळीवरून हात नेऊ नका, झाकण उताणं ठेवू नका, बोलू नका. पहिल्या फेरीत एका नळीत एकच तुकडा. जारमध्ये पाच लावले आणि एक खराब निघाला की पाचही जातात.

पहिले पंधरा दिवस: नळी वाचायला शिका

तापमान २५ अंशांच्या आसपास, पांढऱ्या एलईडीचा २,००० ते ३,००० लक्स प्रकाश, १६ तास उजेड आणि ८ तास अंधार. नळ्या रोज बघा, पण उघडू नका.

बुरशी तीन ते सात दिवसांत कापसासारखी दिसते. ती कुठून सुरू झाली ते बघा. माध्यमावर, तुकड्यापासून लांब ठिपका असेल तर ती हवेतून किंवा हातातून आली. तुकड्याच्या अंगातून निघाली असेल तर धुणं किंवा मातृझाड कमी पडलं. हा फरक नोंदवून ठेवलात की पुढच्या वेळी काय बदलायचं ते आपोआप कळतं. जिवाणू जास्त फसवे. तुकड्याच्या बुडाशी माध्यमात दुधी, ढगाळ वलय दिसतं, कधी दोन आठवड्यांनी, कधी चक्क दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत. ते झाडाच्या आतून आलेले असतात आणि ब्लीच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. नळी उजेडासमोर धरून खालून बघायची सवय लावा. अशा नळीतलं रोप वरून हिरवंगार दिसतं म्हणून ते ठेवायचा मोह होतो. ठेवू नका, चिमट्यावरून जिवाणू सगळ्या संग्रहात पसरतात.

खराब नळ्या न उघडता अर्धा तास कुकरमध्ये शिजवा, मगच धुवा. सुरुवातीच्या काळात निम्म्या नळ्या गेल्या तरी निराश व्हायचं कारण नाही. चार स्वच्छ तुकडे उरले तरी पुढचं सगळं काम त्यांच्यावर उभं राहतं.

माध्यम तुकड्याभोवती तपकिरी होत असेल तर कापलेल्या पेशींतून फिनॉल (हवेत तपकिरी होणारी द्रव्यं) बाहेर पडत आहेत. दोन-तीन दिवसांत तुकडा ताज्या माध्यमात हलवा, गरज पडली तर लिटरला १०० मिग्रॅ ॲस्कॉर्बिक आम्ल असलेल्या निर्जंतुक पाण्यात बुडवून मग लावा. ॲक्टिव्हेटेड चारकोल फिनॉल शोषतो खरा, पण हार्मोनही शोषतो, म्हणून फुटव्यांच्या माध्यमात तो घालू नये.

फुटवे वाढवणं

तीन-चार आठवड्यांत डोळा फुटून त्याच्या बुडाशी नवे फुटवे दिसू लागतात. झुबका सोडवताना एकेक फुटवा सुटा करू नका, दोन-तीन फुटव्यांचे गट ठेवा. सुटा फुटवा बरेच दिवस नुसता बसून राहतो. बुडाशी जमलेली भुसभुशीत गाठ कापून फेका. तिच्यातून निघणारी रोपं मूळ झाडासारखी असतीलच असं नाही. एका जारमध्ये चार-पाच गट, दर चार-पाच आठवड्यांनी नवं माध्यम. प्रत्येक फेरीत तिप्पट झाले तर एका स्वच्छ फुटव्याचे पाच फेऱ्यांत २४३ होतात. सहा-आठ फेऱ्यांनंतर ती ओळ थांबवा आणि नव्या पेरापासून पुन्हा सुरू करा, कारण फेऱ्या वाढतात तशी बदललेली रोपं निघण्याची शक्यताही वाढते.

पानं काचेसारखी, पाणीदार, जाड आणि हात लावताच तुटणारी दिसली तर तो काचाळपणा. कारणं बहुधा तीन: बीएपी जास्त, अगर पातळ, जारमध्ये ओल साठलेली. बीएपी निम्मं करा, अगर ९-१० ग्रॅमवर न्या, आणि रॅकच्या खालच्या कप्प्यातला दिवा वरच्या जारच्या बुडाला तापवतो का ते बघा. बूड गरम आणि झाकण थंड असलं की माध्यमातलं पाणी उडून वर थेंब धरतं आणि झाड त्या वाफेत बसतं. फार काचाळलेले फुटवे टाकून दिलेले बरे.

पांढरे पट्टे असलेल्या जातीत आणखी एक अडचण आहे. अशा झाडाच्या खोडात हिरव्या आणि पांढऱ्या पेशींचे थर शेजारी शेजारी असतात. डोळा ज्या पट्ट्यावर असेल तसा फुटवा येतो. म्हणून खोडावर पांढरी रेघ डोळ्याला छेदून जाते असं पेर निवडा आणि बीएपी कमीच ठेवा. गाठीतून आलेले फुटवे पूर्ण हिरवे किंवा पूर्ण पांढरे निघतात. पूर्ण पांढरे बाटलीत साखरेवर छान जगतात आणि बाहेर काढल्यावर मरतात. ते मोजणीत धरू नका.

मुळं

तीन सेंटिमीटर उंच, तीन पानांचे फुटवे सुटे करून निम्म्या ताकदीच्या एमएसवर लावा: पावडर २.२ ग्रॅम, साखर २० ग्रॅम, आयबीए (मुळं आणणारं हार्मोन) ०.५ मिग्रॅ, अगर ८ ग्रॅम. सिंगोनियमला आयबीए नसलं तरी मुळं येतात. तीन आठवड्यांत ती एक-दोन सेंटिमीटर झाली की बाहेर काढा. आणखी लांब होऊ दिली तर धुताना तुटतात.

हार्डनिंग: रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणं

बाटलीतल्या पानावर मेणाचा थर जवळजवळ नसतो आणि त्याची पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. शिवाय आजवर झाडाने साखरेवर दिवस काढलेले असतात. कोरड्या हवेत असं रोप तासाभरात मान टाकतं, आणि मग पाणी घालूनही उठत नाही. त्याला पाणी कमी पडलेलं नसतं, अंगातलं पाणी धरून ठेवताच येत नसतं. म्हणून सगळी मेहनत हवेतल्या ओलाव्यावर घ्यायची, मातीतल्या नव्हे.

जार आठवडाभर घरातच, सावलीतल्या उजळ जागी ठेवा. रोप काढून कोमट पाण्यात मुळांवरचा अगर बोटांनी अलगद सोडवा. एक कणही राहू नये. त्यात साखर असते आणि बुरशी तिथेच धरते. लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिमच्या द्रावणात पाच मिनिटं बुडवा. मग प्रोट्रेमध्ये (लहान खाचांचा ट्रे) तीन भाग धुतलेलं कोकोपीट आणि एक भाग परलाइट यात लावा. कोकोपीट दोन-तीन पाण्यांनी धुतलंच पाहिजे, नाहीतर त्यातल्या मिठाने मुळांची टोकं करपतात. मुठीत दाबलं की एखाद-दुसरा थेंब निघावा एवढीच ओल. जास्त ओलीत मूळ कुजतं आणि नवशिक्याला वाटतं की रोप सुकतंय, म्हणून तो आणखी पाणी घालतो.

ट्रेवर पारदर्शक झाकण किंवा प्लास्टिकचा तंबू. पहिले आठ-दहा दिवस आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर हवी आणि ऊन अजिबात नको. बंद झाकणाखाली उन्हात आतलं तापमान काही मिनिटांत चाळिशी ओलांडतं. दुसऱ्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं झाकण उघडा, दोन दिवसांनी अर्धा तास, मग तास. तिसऱ्या आठवड्यात काही तास, चौथ्यात झाकण काढून टाका. उघडल्यावर पानं लवली तर एक पायरी मागे या. बाटलीतली जुनी पानं पिवळी पडणारच, त्यांची काळजी नको. नवं पान उलगडलं आणि झाकण उघडं असतानाही ते ताठ राहिलं की रोप लागलं असं समजा. तेव्हा १९:१९:१९ खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. त्याआधी खत नको.

झाकणाखाली मातीवर हिरवट शेवाळ आणि बारीक काळ्या माश्या दिसल्या तर ओल जास्त झाली आहे. पाणी कमी करा, पिवळे चिकट सापळे लावा, आणि बुडाशी तपकिरी, मऊ पडलेलं रोप त्याच्या खाचेतल्या कोकोपीटसकट उचलून बाहेर काढा.

सहा ते आठ आठवड्यांत मुळांनी खाच भरते. मग तीन इंची कुंडीत हलवा आणि ५० टक्के सावलीच्या जाळीखाली ठेवा. पाच-सहा पानं झाली की सगळा लॉट एका रांगेत मांडा. वेडीवाकडी पानं, खुजी किंवा रंगाने वेगळी रोपं तिथेच बाजूला काढा. पुढच्या फेरीचं मातृझाडही याच रांगेतून निवडा: ज्याची पानं मूळ झाडाशी तंतोतंत जुळतात आणि पेरं अंतरा-अंतरावर आहेत असं एखादं. ते आजपासूनच छपराखाली ठेवून फक्त मातीत पाणी द्यायला लागा.